बँकेत निवड झाली, पण सिबिलचं काय? अट, कागदपत्रे आणि दुरुस्ती

बँक परीक्षेचा निकाल लागला की आधी पेढे वाटले जातात, जाहिरातीतली बारीक अक्षरं मग वाचली जातात. क्रम उलटा हवा.

सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसने 2023 च्या भरतीत रुजू होताना किमान 650 सिबिल स्कोअर (कर्ज-कार्ड फेडण्याच्या नोंदींवरून मिळणारे गुण) मागितला होता. पुढच्या वर्षी तो आकडा निघाला; आता किमान स्कोअर ज्या त्या बँकेच्या धोरणावर. प्रतिकूल नोंद असेल तर रुजू होण्याआधी ती अद्ययावत करून घ्यायची, नाहीतर त्या खात्यावर काही बाकी नसल्याची एनओसी (ना-हरकत पत्र) कर्ज देणाऱ्या संस्थेकडून आणायची. दोन्ही नसेल तर नियुक्तीपत्र रद्द होऊ शकतं.

स्टेट बँक काही भरतींत जास्त कडक. कर्ज किंवा कार्ड थकवल्याची नोंद असेल, तर तिच्या काही जाहिरातींनुसार उमेदवार नियुक्तीलाच अपात्र. ‘नंतर सगळं फेडलं’ हा युक्तिवाद 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात टिकला नाही. स्टेट बँकेने रद्द केलेली नियुक्ती रद्दच राहिली.

म्हणून अर्ज भरतानाच आपल्या कर्ज-कार्डांच्या नोंदींचा क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या अशा नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यावा लागतो. पॅन आणि मोबाइल नंबर हाताशी ठेवा. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर घटत नाही, ही भीती सोडा.

नुसता स्कोअर पाहून रिपोर्ट मिटू नका. प्रत्येक खात्याखाली महिनावार चौकटी असतात: 000 म्हणजे हप्ता वेळेवर, 030 म्हणजे तीस दिवस उशीर. त्याहून वाईट शेरे ‘सेटल्ड’ (पूर्ण न भरता तडजोडीने मिटवलेलं) आणि ‘रिटन ऑफ’ (बुडीत धरलेलं). वसुलीवाला फोनवर ‘थोडे भरा, मिटवून टाकू’ म्हणतो, तेव्हा बहुधा हाच सेटल्डचा शेरा पदरात पडतो. पूर्ण भरा, एनओसी लेखी घ्या. ॲपवरून घेतलेलं दोन-तीन हजारांचं कर्जही इथे दिसतं आणि मामाच्या ट्रॅक्टरला तुम्ही जामीन राहिला असाल तर तेही.

कधीच कर्ज घेतलं नसेल तर स्कोअरच्या जागी उणे 1 किंवा एनएच (नो हिस्टरी, म्हणजे जुनी नोंदच नाही) येतं. ती थकबाकी नव्हे.

नोंदच चुकीची असेल तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, शुल्क नाही. तीस दिवसांत निकाल न लागल्यास पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. पण रुजू होण्याची तारीख त्यासाठी थांबत नाही. पडताळणीला जाताना तक्रारीची पोच, एनओसी आणि खातं बंद झाल्याचं पत्र सोबत असू द्या.