घाटाचा उतार आणि ब्रेक ऑइलमधलं पाणी

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचावर वसलंय. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटानं गोव्यातल्या साखळीला उतरा, चंदगडकडून तिलारीला उतरा, नाहीतर आंबोलीवरून सावंतवाडीला; रस्ता कुठलाही धरला तरी गोव्यात किंवा कोकणात पोचेपर्यंत ही उंची गाडीला सोडावीच लागते. चढताना पेट्रोल जाळून कमावलेली उंची उतरताना फुकट परत मिळते, असं आपण समजतो. परत मिळते खरी, पण शेवटी तिची उष्णता होते. ही उष्णता गाडीच्या कुठल्या भागात जाणार, हे मात्र चालवणाऱ्याच्या हातात असतं.

हिशेब साधा आहे. चार-पाच माणसं आणि सामान धरून लहान गाडीचं वजन १,४०० किलोपर्यंत जातं. ती ७०० मीटर खाली आली की वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार सुमारे ९६ लाख ज्यूल होतो. एवढ्या उष्णतेत तीसेक लिटर गार पाण्याला उकळी फुटेल, म्हणजे न्हाणीघरातला एक भरलेला बंब. हीच गाडी हायवेवर ताशी ८० किलोमीटर वेगात असताना पूर्ण थांबवायची तर ब्रेकना साडेतीन लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा पचवावी लागते. म्हणजे एक घाट उतरणं हे ऐंशीच्या वेगातून सत्तावीस-अठ्ठावीस वेळा गाडी थांबवण्याइतकं काम आहे, आणि तेही मध्ये दम न खाता.

हे सगळं ओझं ब्रेकवर पडत नाही. फिरताना टायर दबतात आणि पुन्हा फुगतात, त्यात काही ऊर्जा जाते. हवेच्या विरोधात काही जाते. उतार पंधरा किलोमीटरचा आणि वेग ताशी ३५-४० चा धरला तर या दोघांत मिळून साधारण एक तृतीयांश ऊर्जा संपते. उरतात साठ-पासष्ट लाख ज्यूल. पंचवीस मिनिटांत वाटले तर सतत चार किलोवॉटच्या वर. ही उष्णता घ्यायला गाडीत दोनच जागा आहेत: ब्रेक आणि इंजिन.

आधी ब्रेककडे बघू. पुढच्या चाकांच्या डिस्क बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या असतात, आणि बीड म्हटलं की बेळगावकराला उद्यमबागची औद्योगिक वसाहत आठवते. आपल्याकडच्या फाउंड्र्यांत वाहनांसाठीचं ओतकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, पण गाडीला बीडच का, पोलाद का नाही, हा प्रश्न तिथं काम करणाऱ्यांच्या घरातही क्वचितच निघतो. करड्या बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता झपाट्यानं वाहून नेतात. स्टेनलेस स्टीलच्या तिप्पट तरी वेगानं ती बिडातून पसरते. शिवाय हेच पापुद्रे कंपनं जिरवतात, त्यामुळे ब्रेक किंचाळत नाहीत. ठिसूळपणा हा बिडाचा दोष, पण डिस्कला ताणापेक्षा ताप जास्त सोसायचा असतो. म्हणून स्वस्त, ओतायला सोपं आणि उष्णतेला मोकळं असं हे जुनं बीड आजही जगातल्या बहुतेक गाड्यांच्या चाकांत बसलेलं आहे. आपल्या गावच्या धंद्याबद्दल मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

पुढच्या दोन डिस्क मिळून दहा किलोच्या असतील तर ऐंशीच्या वेगातून एकदा गाडी थांबवल्यावर त्या साधारण पन्नास अंशांनी तापतात. मग वारा लागतो आणि त्या निवतात. घाटात सतत ब्रेकवर पाय असेल तर निवायला वेळच मिळत नाही. प्रत्येक वळणावर थोडी उष्णता आत साठते, वेग कमी म्हणून वाराही कमी लागतो, आणि तापमान अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे सरकतं. इथून पुढे दोन वेगवेगळे बिघाड होऊ शकतात. त्यांची लक्षणं एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून ती ओळखता आली पाहिजेत.

पहिला बिघाड पॅडचा, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या गुटक्यांचा. पॅडमधली भुकटी फिनॉलिक रेझिननं बांधलेली असते. फार तापलं की हे रेझिन विघटन पावून वायू सोडतं, पॅड आणि डिस्क यांच्यामधलं घर्षण उतरतं, आणि जळका, उग्र वास येतो. पेडल दगडासारखं घट्ट लागतं, पण गाडी हवी तशी आवरत नाही. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम असतील तर आणखी एक अडचण: ड्रम तापून फुगतो आणि आतून त्याला घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो, त्यामुळे पाय जास्त खोल दाबावा लागतो.

दुसरा बिघाड ब्रेक ऑइलचा, आणि तो मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो आधी कळत नाही. ब्रेकची सगळी यंत्रणा एकाच गृहीतावर उभी आहे: द्रव दाबला तरी आकसत नाही. सतराव्या शतकात पास्कलनं मांडलेलं तत्त्व हेच. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. १९२१ मध्ये अमेरिकेत ड्यूझनबर्ग कंपनीनं चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली गाडी विक्रीला काढली, आणि त्यानंतर तारा-दांड्यांचे ब्रेक हळूहळू मागे पडले. पण हा द्रव उकळला तर? वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर त्या बुडबुड्यांना चेपण्यात जातो आणि पेडल मऊ पडून थेट फरशीला टेकतं.

आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नसतं. ग्लायकॉल इथर या प्रकारची ती रसायनं आहेत, आणि त्यांचा स्वभाव हवेतलं पाणी ओढून घेण्याचा. पाणी रबरी नळ्यांतून झिरपतं, टाकीच्या झाकणातून येतं, दर वेळी झाकण उघडल्यावर आणखी येतं. हा निव्वळ दोष समजू नका. पाणी द्रवात मिसळून गेलं नाही तर ते थेंब होऊन सगळ्यांत खालच्या जागी, म्हणजे पॅड दाबणाऱ्या आणि नेमक्या तापणाऱ्या कॅलिपरमध्ये साचेल, तिथं शंभर अंशांना उकळेल आणि गंजही धरेल. मिसळून राहणं त्यापेक्षा बरं. मात्र त्याची किंमत उत्कलनबिंदूला मोजावी लागते. डॉट ३ दर्जाचं कोरं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा नियम आहे, त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत. चार टक्केसुद्धा नसलेलं पाणी पासष्ट ते ऐंशी अंश खाऊन टाकतं.

आता आपला जिल्हा बघा. अथणीकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं तो काही हजारांत मोजतात. जून ते सप्टेंबर खानापूर तालुक्यात कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल सुटते, आणि बोनेटखालचं ब्रेक ऑइलही त्याच हवेत असतं. गाडीच्या पुस्तिकेत बहुधा दोन वर्षांनी किंवा ठरावीक किलोमीटरनंतर ऑइल बदला असं लिहिलेलं असतं. अथणीत वापरल्या जाणाऱ्या गाडीनं ही मुदत पुरेपूर घ्यावी. खानापूर-जांबोटी पट्ट्यात राहणाऱ्यानं आणि दर महिन्याला घाट उतरणाऱ्यानं मात्र मुदतीआधीच, पावसाळा संपल्यावर ऑइल तपासून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. पेनासारखं एक छोटं तपासणी यंत्र मिळतं. ते द्रवाची विद्युतवाहकता मोजून पाण्याचा अंदाज देतं. तो अंदाजच असतो, पण नुसत्या रंगावरून केलेल्या निदानापेक्षा बरा.

गॅरेजमध्ये या विषयावरचं बोलणं साधारण असं होतं. "मिस्त्री, घाटात पेडल मऊ पडलंतं, आता बरोबर हाय." "हवा धरली असंल, काढून देतो की." हवा काढून काम होतं, पैसे दिले जातात, गाडी जाते. पण घाटात मऊ पडलेलं पेडल खाली आल्यावर आपोआप घट्ट झालं असेल तर ती हवा नव्हती. ती वाफ होती. हवा असती तर थंड गाडीतही पेडल मऊच लागलं असतं. वाफ निवली की पुन्हा द्रव होते आणि पुरावा नाहीसा होतो. अशा वेळी हवा काढून भागत नाही, सगळं जुनं ऑइल काढून नवं भरायला सांगावं.

इंजिनाकडे वळू, कारण खरा उपाय तिथं आहे. गिअरमध्ये असलेली गाडी उतारावर धावताना चाकं इंजिनाला फिरवतात. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळजवळ बंद होतो, पिस्टनना बारीक फटीतून हवा ओढत राहावं लागतं आणि आत निर्वात तयार होतो. त्याच्या जोडीला रिंगा, बेअरिंग, पंप यांचं घर्षण आहेच. बाराशे सीसीचं इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये अडीच-तीन हजार फेऱ्यांवर अशा रीतीनं चार-पाच किलोवॉट सहज गिळतं. मघाशी ब्रेक आणि इंजिन यांच्यासाठी उरलेला आकडा आठवतोय ना? तेवढाच. म्हणजे योग्य गिअर धरला तर ब्रेकना फक्त वळणाआधीचं काम उरतं. डिझेल गाडीत थ्रॉटलचा अडसर सहसा नसतो, पण घर्षण जास्त असतं, आणि खालचा गिअर तिथंही उपयोगी पडतो.

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायची सवय आपल्याकडे फार खोल रुजली आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात तथ्य होतं. २००० सालाच्या आसपास भारतातल्या नव्या गाड्या इंजेक्शनवर गेल्या, आणि तेव्हापासून हिशेब उलटा झाला. गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरताना संगणक इंजेक्टर पूर्ण बंद करतो, इंधन शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला ते थोडं थोडं जाळावंच लागतं. पेट्रोल जास्त जातं आणि ब्रेकवर सगळं ओझं पडतं, असा दुहेरी तोटा. काही जण तर इंजिनच बंद करतात. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनातल्या निर्वातावर चालतो. इंजिन थांबल्यावर दोन-तीनदा पेडल दाबलं की साठवलेला निर्वात संपतो आणि पुढे नुसत्या पायाच्या जोरावर गाडी आवरावी लागते. स्टिअरिंगही जड होतं. माझी कळकळीची विनंती आहे, घाटात हे कुणीही करू नये, आणि करणाऱ्याच्या शेजारी बसलेल्यानं त्याला गप्प राहून साथ देऊ नये.

ऊस हंगामात निपाणी-संकेश्वर भागात भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागून उतार उतरताना अंतर दुप्पट ठेवावं. ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात आणि पुढचा ट्रॅक्टर एकटा सगळं वजन रोखत असतो.

ऑटोमॅटिक गाड्यांतही मॅन्युअल किंवा एल स्थिती दिलेली असते, ती घाटासाठीच आहे. विजेच्या गाडीत तर मोटरच जनित्र होते आणि उतरण्यातली ऊर्जा बॅटरीत परत जाते. आपले साठ-पासष्ट लाख ज्यूल म्हणजे पावणेदोन युनिट वीज; वाटेत काही गळती होऊनही त्यातली बरीचशी हाती लागते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ही वीज घ्यायला जागा नसते आणि गाडी साध्या ब्रेकवर येते. बेळगावहून निघालेल्याला ही अडचण सहसा येत नाही, कारण चोर्ल्याच्या माथ्यावर पोचेपर्यंत बॅटरीत पुरेशी जागा झालेली असते.

इतकं करूनही जळका वास आलाच तर रुंद जागा बघून बाजूला थांबावं. पेडल खाली जात असेल तर ते भराभर दोन-तीनदा दाबावं, एकेक गिअर उतरवत वेग तोडावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. थांबल्यावर ब्रेक धरून न ठेवता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. तापलेल्या पॅडनी डिस्क आवळून धरली तर त्या एकाच जागी उष्णता कोंडते आणि पुढे ब्रेक मारताना गाडी थरथरते. डिस्कवर पाणी ओतायचा मोह आवरावा. तापलेलं बीड एकदम निवलं की त्याला तडा जाऊ शकतो. अर्धा तास वाऱ्यावर सोडलं की बहुतेक काम होतं.

आणि ऑइल बदलताना बाटली आपण स्वतः वाचावी, सील फोडलेली घेऊ नये, कारण अर्धी वापरून ठेवलेल्या बाटलीनं दुकानातच पाणी ओढायला सुरुवात केलेली असते. गाडीच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५.१ ही याच कुळातलं आहे. नुसतं डॉट ५ लिहिलेली बाटली मात्र सिलिकोनची असते, ती या ऑइलमध्ये मिसळत नाही. तशी कुणी दिली तर परत करावी.