पाऊस नसताना गळणारं छप्पर

अमेरिकेच्या थंड मिनेसोटा राज्यात फेब्रुवारीत दोन-चार दिवस ऊन पडून पारा शून्याच्या वर गेला, की काही घरांत छतातून पाणी ठिबकायला लागतं. छपरावरचा बर्फ वितळला असेल असं समजून लोक छपरवाल्याला बोलावतात. तो शिंगल्स, म्हणजे छपरावरच्या पातळ तक्त्या, तपासतो आणि पुष्कळदा त्याला कुठेच भोक सापडत नाही. ते पाणी घरातल्याच हवेतलं असतं. अंघोळ, कुकरच्या शिट्ट्या, आत वाळत घातलेले कपडे, आपला श्वास, या सगळ्यांची वाफ वर जाते, छपराच्या फळीखाली गोठून बसते आणि ऊब मिळाली की खाली येते.

हा त्रास कॅथेड्रल सीलिंगच्या घरांना जास्त. अशा घरात माळा नसतो, छत पाख्याच्या उतारानेच थेट आढ्यापर्यंत जातं. खोली प्रशस्त आणि देखणी दिसते. पण खालचं जिप्सम बोर्ड आणि वरची प्लायवूडची फळी यांच्यामध्ये वाशाच्या उंचीएवढीच, बहुधा सात ते नऊ इंच जागा असते. जुन्या घरांत तिथलं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा भराव, तुटपुंजं असतं. हीटिंगचं बिल पाहून मालक ठरवतो, आणखी भरून टाकू. नेमकं इथेच सांभाळायला हवं.

आजवर ती फळी कोरडी राहिली, कारण घरातली उष्णता तिच्यापर्यंत झिरपत होती. उष्णता वाया जात होती खरी, पण तीच लाकूड वाळवत होती. खालून इन्सुलेशन वाढवलं की फळी आणखी गार पडते. आत 21 अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता 40 टक्के असेल, तर दवबिंदू येतो 7 अंशांच्या आसपास. त्याहून गार असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर ही हवा पोचली की पाणी सोडणारच. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असेल तर काळजी नाही, पण तो 28 ते 30 टक्क्यांवर टिकून राहिला की बुरशी लाकूड खायला लागते.

वाफ तिथे पोचते कशी, हे समजलं की निम्मं काम झालं. थंड प्रदेशातला एक हिशेब बांधकामशास्त्रात नेहमी दिला जातो. चार बाय आठ फुटांच्या जिप्सम बोर्डमधून एका हिवाळ्यात नुसती झिरपून जाणारी वाफ होते जेमतेम एक तृतीयांश लिटर पाण्याएवढी. त्याच बोर्डला एक चौरस इंचाचं भोक असेल, तर हवेबरोबर जवळपास 28 लिटर पाणी वर जातं. म्हणून खरा शत्रू आहे फट. छतात बसवलेल्या दिव्याचा डबा काढून वरचं फायबरग्लास पाहा. ते डब्याभोवती काळपट झालेलं असेल तर तिथून वर्षानुवर्षं हवा गेली आहे आणि तंतूंनी तिच्यातली धूळ गाळून धरली आहे. वर फळीतून आलेल्या शिंगल्सच्या खिळ्यांची टोकं गंजलेली दिसतील. कडाक्याच्या थंडीत त्यांवर दहिवर धरतं. पट्टीला पट्टी जोडलेलं लाकडी छत तर दिसायला कितीही सुंदर असो, मागे हवाबंद थर नसेल तर ते चाळणीसारखं असतं.

2001च्या सुमारास अलास्कातल्या जूनो शहरात हेच घडलं. फोमच्या दोन्ही बाजूंना लाकडी तक्ते चिकटवलेल्या पॅनेलची छपरं तिथे सांध्यांपाशी आणि आढ्यापाशी कुजलेली सापडली. इन्सुलेशन भरपूर होतं, पण सांधे नीट बंद केलेले नव्हते. ऊबदार हवा वर चढते, म्हणून आढं आधी सडतं.

मग करायचं काय? माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे शिंगल्स बदलायची वेळ येईपर्यंत थांबणं आणि तेव्हा फळीच्या वरून कडक फोमचे तक्ते घालणं. फोम किती, हे प्रमाणावर ठरतं. बाहेर उणे 7 आणि आत 21 अंश धरा, म्हणजे एकूण फरक 28 अंशांचा. छपराच्या एकूण उष्णतारोधातला निम्मा भाग फळीच्या वर असेल तर फळी 7 अंशांवर राहते, दवबिंदूच्या काठावर. सगळा रोध खालीच असेल तर ती जवळपास बाहेरच्याइतकीच गार. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेतही हाच विचार आहे. शिकागो-बॉस्टनच्या हवामान पट्ट्यात किमान आर-20 (आर म्हणजे उष्णतारोधाचं माप; आकडा जेवढा मोठा, तेवढा रोध जास्त) आणि मिनियापोलिसच्या पट्ट्यात आर-25 एवढा हवाबंद फोम हवा. हे आकडे एकूण आर-49 गृहीत धरून आहेत, म्हणजे अनुक्रमे 41 आणि 51 टक्के. खाली फायबरग्लास वाढवलं तर वरचा फोमही वाढवावा लागतो. एक पथ्य मात्र पाळायचंच. वर फोम घातला की खाली प्लॅस्टिकचा कागद लावायचा नाही, नाहीतर दोन्हीकडून कोंडलेल्या फळीला वाळायला वाटच उरत नाही.

छत आतून उघडणार असाल तर फळीच्या खालच्या अंगाला क्लोज्ड-सेल स्प्रे फोम (फवारल्यावर घट्ट होणारा, हवा न जाऊ देणारा फोम) चिकटवून तेवढाच आर गाठता येतो. उरलेल्या जागेत फायबरग्लास चालतं. तिसरा मार्ग वायुवीजनाचा. फळीखाली किमान एक इंचाची सलग पोकळी वळचणीपासून आढ्यापर्यंत मोकळी ठेवायची. साध्या दुपाखी छपरात हे जमतं, पण पाख्यांच्या कोनात आणि स्कायलाइटपाशी हवेची वाट अडते, म्हणून तिथे त्याच्या भरवशावर राहू नये.

वायुवीजन नसलेल्या वाशांमधल्या पोकळीत नळीने सेल्युलोज, म्हणजे कागदाच्या भुग्याचं इन्सुलेशन, ठासून भरून देणारे कंत्राटदार स्वस्त पडतात. थंड पट्ट्यात, वर फोम नसताना, हे काम मी कुणालाही सुचवणार नाही. छपराचं काम होईपर्यंत दिव्यांच्या डब्यांच्या फटी बंद करा, आढ्याजवळच्या चिरा भरा, स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा पंखा थेट घराबाहेर हवा सोडतो ना ते तपासा आणि कडक थंडीत घरातली आर्द्रता 30-35 टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नका.