लूत दिसते एकसारखी, किडे वेगळे: खरूज आणि डेमोडेक्स

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो: अंगावरचे केस गेलेले, कातडी जाड होऊन काळवंडलेली, डोळ्यांभोवती खपल्या. खाली एवढंच लिहिलेलं, 'लूत लागलीय, कुणीतरी घेऊन जा.' कुणीतरी रिक्षा करून त्या कुत्र्याला आणतंही. खरा घोळ होतो तो त्यानंतर. लूत म्हणून जे सरसकट ओळखलं जातं ते बहुतेक वेळा दोनांपैकी एक असतं. एकात कुत्र्याला वेगळं ठेवलं नाही तर फॉस्टरच्या, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्याच्या, घरातली बाकीची कुत्री आणि माणसंही खाजवत बसतात. दुसऱ्यात वेगळं ठेवायची गरजच नसते, पण केस आले म्हणून औषध थांबवलं की आजार उलटतो. आजार जुना झाला की दोन्ही कुत्री फोटोत अगदी सारखी दिसतात.

खरूज होते ती सार्कोप्टिस या किड्यामुळे. साध्या डोळ्यांना न दिसणारा हा गोलसर किडा बाहेरून येतो, दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावरून किंवा त्याच्या गोणपाटावरून. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालते आणि अंड्यापासून पुढची पिढी तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. किड्यांची संख्या फार नसते. खाज सुटते ती मुख्यतः किड्याची आणि त्याच्या विष्ठेची ॲलर्जी येते म्हणून. त्यामुळे पाच-दहा किड्यांवरसुद्धा कुत्रं रात्रभर झोपत नाही.

डेमोडेक्सचं उलटं आहे. हा लांबुळका, सिगारसारखा किडा केसांच्या मुळाशी राहतो आणि निरोगी कुत्र्यांच्या अंगावरही थोड्या संख्येने असतोच. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत आईला पिताना तो आईकडून पिल्लाकडे जातो. त्यानंतर तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याला होत नाही, माणसाला तर नाहीच. प्रतिकारशक्तीचा लगाम सुटला की त्याची संख्या बेसुमार वाढते आणि केस गळतात. म्हणजे खरुजेत विचारायचं 'कुठून लागली?' आणि डेमोडेक्समध्ये विचारायचं 'आत काय बिघडलंय?'

ओळखायची सुरुवात खाजेपासून करावी. खरुजेचं कुत्रं खातानासुद्धा मध्येच थांबून खाजवतं. डेमोडेक्सचं कुत्रं टक्कल पडलेलं असूनही बऱ्यापैकी शांत असतं. पण ही खूण फसवी आहे. डेमोडेक्सच्या कातडीत जिवाणूंचा संसर्ग झाला, पू धरला, की तेही भरपूर खाजवतं, आणि रस्त्यावरून उचललेल्या कुत्र्यांत हा संसर्ग बहुधा झालेलाच असतो.

जागा त्यापेक्षा जास्त सांगतात. खरूज कानांच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे घोटे, छाती आणि पोटाची खालची बाजू इथून सुरू होते. पाठ बराच काळ सुटते. डेमोडेक्स डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला आणि पुढच्या पायांवर आधी दिसतो, पुढे पंजे सुजतात, बोटांच्या मधून रक्त-पू येतो. केस फक्त शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर गेले असतील तर आधी पिसवा शोधाव्यात. वाटोळे, कडेला खवले असलेले चट्टे असतील तर गजकर्णाची शंका घ्यावी, आणि ते माणसालाही होतं.

एक चाचणी विनाखर्चाची आहे. कुत्र्याला मझल (तोंडाची जाळी) घालून, कानाच्या पाळीची कड तिच्यावरच दुमडायची आणि पाच-सात सेकंद अंगठ्याने चोळायची. त्याच बाजूचा मागचा पाय हवेत खाजवायला लागला तर खरुजेची शंका पक्की होते. खरुजेच्या बहुतेक कुत्र्यांत हे दिसतं. पाय हलला नाही म्हणून खरूज नाही, असं मात्र ठरवू नये.

पुढचं काम व्हेटचं: स्किन स्क्रेपिंग, म्हणजे कातडी ब्लेडने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली किडे शोधणं. स्वयंसेवकाने इथे बाजूला उभं राहून नीट पाहावं, कारण घाईच्या ओपीडीत ते अर्धवट होतं. डेमोडेक्ससाठी ब्लेडला लिक्विड पॅराफिनचा थेंब लावतात, कातडी चिमटीत घट्ट दाबतात, म्हणजे मुळातले किडे वर येतात, आणि रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत एकाच जागी खरवडतात. नुसता वरचा कोंडा काचपट्टीवर घेतला तर डेमोडेक्स सापडणार नाही. डोळ्यांजवळ किंवा बोटांच्या मध्ये ब्लेड चालवणं अवघड असतं, तिथे चिमट्याने केस मुळासकट उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खरुजेसाठी पद्धत बदलते. कानाची कड आणि कोपर अशा कुत्र्याने अजून ओरबाडून न काढलेल्या जागा निवडायच्या आणि उथळ पण रुंद खरवडायचं, एक-दोन नव्हे तर बऱ्याच ठिकाणी.

रिपोर्ट वाचताना चूक होते ती इथे. नीट केलेल्या खोल स्क्रेपिंगमध्ये डेमोडेक्स बहुतेक वेळा सापडतोच. तिथे 'निगेटिव्ह' या शब्दाला वजन आहे. खरुजेत किडेच थोडे असल्याने निम्म्या कुत्र्यांत तरी ते सापडत नाहीत. म्हणून लक्षणं जुळत असतील तर रिपोर्ट निगेटिव्ह असतानाही व्हेट खरुजेचे उपचार सुरू करतात, आणि ते बरोबर आहे.

आता सोयीची गोष्ट. फ्लुरालेनर, ॲफोक्सोलेनर, सॅरोलेनर या गटातल्या चघळायच्या गोळ्या दोन्ही किड्यांवर चालतात. मग वेगळं ओळखायचं कशाला, असं कुणीही विचारेल. गोळी तीच असली तरी ती किती दिवस द्यायची, आणखी कुणाला द्यायची आणि सोबत काय शोधायचं, हे तिन्ही बदलतं.

खरुजेत गोळी फक्त आजारी कुत्र्याला देऊन भागत नाही. त्याच्याबरोबर राहणाऱ्या, झोपणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला त्याच दिवशी द्यायची, ते खाजवत नसलं तरी. किडे लवकर मरतात, खाज मात्र आणखी दोन ते चार आठवडे रेंगाळू शकते, कारण ॲलर्जी लगेच शमत नाही. या काळात 'गोळी लागू पडली नाही' म्हणून दुसरं औषध चढवू नये. डेमोडेक्समध्ये सोबतच्या कुत्र्यांना काहीच नको. या एका कुत्र्याला मात्र महिनोनमहिने औषध लागतं. दर महिन्याला स्क्रेपिंग करायचं आणि महिन्याच्या अंतराने लागोपाठ दोन निगेटिव्ह आल्याशिवाय थांबायचं नाही. केस त्याच्या कितीतरी आधी येतात आणि तिथेच लोक फसतात.

या गोळ्या वजनावर ठरतात, त्यामुळे कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. झटके येण्याचा इतिहास असेल तर व्हेटला आधी सांगायचं. या गटाचा तो माहीत असलेला दुष्परिणाम आहे. आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला ही गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून तिचे चार तुकडे चार कुत्र्यांना द्यायची काटकसर अनेक जण करतात, पण प्रत्येक तुकड्यात औषध सारखं असेलच असं नाही.

आयव्हरमेक्टिन स्वस्त, म्हणून अजून भरपूर वापरलं जातं. गोठ्यातल्या जनावरांसाठी मिळणाऱ्या 1 टक्क्याच्या इंजेक्शनमध्ये एका मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम औषध असतं. किलोमागे 0.3 मिलिग्रॅम हा डोस धरला तर 10 किलोच्या कुत्र्याला 3 मिलिग्रॅम, म्हणजे 0.3 मिलिलिटर. कुणी 'तीन मिलिग्रॅम' ऐकून 3 मिलिलिटर भरलं की डोस दहापट झाला. बाहुल्या मोठ्या होतात, कुत्रं झोकांड्या खातं, लाळ गळते, डोळ्यांना दिसेनासं होतं, पुढे बेशुद्धी. कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यात एका जनुकीय दोषामुळे एरवी सुरक्षित असलेला डोसही जिवावर बेतू शकतो, आणि टाकून दिलेल्या जातिवंत कुत्र्याच्या मिश्र पिल्लात तो दोष दिसून ओळखता येत नाही. ऐकीव डोसवर हे इंजेक्शन देणं बंदच व्हायला हवं.

खाज थांबवण्याच्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनचंही तसंच. खरुजेत व्हेट कधी थोडे दिवस स्टेरॉइड देतात आणि कुत्र्याला आराम पडतो. डेमोडेक्समध्ये तेच इंजेक्शन उरलीसुरली प्रतिकारशक्ती दाबतं आणि दोन चट्ट्यांचं अंगभर होतं. लुतीवर लोक फासतात ते गॅरेजमधलं जळकं ऑइल दोन्हींत घातक: कुत्रं ते चाटतं, कातडी भाजते, उन्हात अंग तापतं. कुणी आधीच फासलं असेल तर खायचं तेल चोळून ते सैल करायचं, भांड्यांच्या लिक्विड साबणाने धुऊन काढायचं आणि तोवर गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालून चाटू द्यायचं नाही.

मोठ्या कुत्र्याला अचानक अंगभर डेमोडेक्स झाला तर नुसतं कातडीकडे पाहून उपयोग नाही. चार वर्षांच्या पुढच्या कुत्र्यात थायरॉइड, कुशिंग (शरीरातच स्टेरॉइडसारखं संप्रेरक जास्त तयार होण्याचा आजार), गाठी, आधी दिलेली स्टेरॉइड्स हे सगळं तपासतात. आपल्याकडे गोचीडतापाची रक्ततपासणी त्यात हवीच. उपाशी कुत्र्यात जंत आणि कुपोषण ही साधी कारणंही पुरतात. जंताचं औषध, उकडलेली अंडी, भात आणि चिकन थोडं थोडं करून. अंगावरच्या पूसाठी क्लोरहेक्सिडिन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडचा शाम्पू, फेस दहा मिनिटं अंगावर ठेवून.

ठेवायचं कुठे, हा प्रश्न स्वयंसेवकांच्या गटात सगळ्यात जास्त वादाचा, आणि उत्तर किड्यावर अवलंबून आहे. चालतं-फिरतं, खातं-पितं खरुजेचं कुत्रं गल्लीतच बरं करता येतं, किंबहुना तसंच करावं. त्याला एकट्याला उचलून बरं करून परत सोडलं तर जुने सोबती त्याला पुन्हा खरूज देतात. त्यापेक्षा रोज खायला घालणाऱ्या व्यक्तीने त्या टोळीतल्या प्रत्येक कुत्र्याला वजनाच्या अंदाजाने व्हेटने ठरवलेली गोळी अंड्यात किंवा पेढ्यात लपवून, समोर उभं राहून खाऊ घालावी. नाहीतर दांडगं कुत्रं तिघांच्या गोळ्या खातं. अगदीच खंगलेलं कुत्रं घरी आणावं लागलं तर त्याला तीन-चार आठवडे स्वतंत्र खोली किंवा बाथरूम, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे. अंथरूण जुन्या चादरींचं, कढत पाण्यात धुवायचं किंवा फेकायचं. कुत्र्याच्या अंगाबाहेर हा किडा खोलीच्या तापमानाला काही दिवस जगतो, गार दमट जागेत त्याहून जास्त. सांभाळणाऱ्याच्या हातांवर, कमरेवर खाजऱ्या पुळ्या आल्या तर घाबरायचं कारण नाही. कुत्र्याची खरूज माणसावर वंश वाढवू शकत नाही. कुत्रं बरं झालं की दोन-तीन आठवड्यांत पुळ्या जातात. जास्त त्रास झाला तर त्वचारोगतज्ज्ञाला 'घरात खरुजेचं कुत्रं आहे' हे आपणहून सांगायचं.

अंगभर डेमोडेक्स झालेल्या कुत्र्याला मात्र फॉस्टर घरच हवं. दर महिन्याचं स्क्रेपिंग, रोजचं जेवण, आठवड्याचा शाम्पू हे गल्लीत निभत नाही. आणि हे कुत्रं घरातल्या कुत्र्यांबरोबर पहिल्या दिवसापासून राहू शकतं, अर्थात खरूज आणि गजकर्ण नाही हे आधी पाहून. फॉस्टर मिळत नाही तेव्हा लोकांना हे स्पष्ट सांगावं. 'टकलं कुत्रं म्हणजे लागट' या भीतीने कित्येक दारं बंद राहतात.

घर देताना खरुजेतून बऱ्या झालेल्या कुत्र्याबद्दल फार काही सांगायचं उरत नाही. डेमोडेक्सचं सगळं सांगावं लागतं. दोन्ही निगेटिव्ह रिपोर्टच्या तारखा फाइलमध्ये लावायच्या, पुढचं वर्षभर नवा चट्टा दिसला तर स्क्रेपिंग करून घ्यायला सांगायचं आणि कुठल्याही व्हेटकडे गेल्यावर 'याला डेमोडेक्स होऊन गेलाय, स्टेरॉइड विचार करून' हे सांगायची सवय लावायची. अंगभर झालेल्या कुत्र्याची नसबंदी अटीत हवी: हा कल पिल्लांत उतरतो, आणि मादी माजावर आली की आजार उलटू शकतो.

चार महिन्यांचं पिल्लू नव्या घरी गेलं आणि पंधरा दिवसांत डोळ्याजवळ नाण्याएवढं टक्कल दिसलं, की 'आजारी पिल्लू गळ्यात मारलंत, परत घ्या' असा फोन येतो. चट्टे चारापेक्षा कमी, छोटे आणि न चिघळलेले असतील तर स्क्रेपिंग करून नुसती वाट पाहायची; अशी बहुतेक पिल्लं औषधाविना सहा ते आठ आठवड्यांत बरी होतात. त्या दत्तकघरी दर आठवड्याला त्याच उजेडात, त्याच अंतरावरून चट्ट्याचा फोटो मागवायचा. चट्टे वाढून पाच-सहा झाले किंवा दोन पंजे सुजले, तर मात्र त्याच आठवड्यात व्हेट.