आबरफानचा ढीग पावसामुळे नाही कोसळला

वेल्समधल्या आबरफान या खाणगावात १९६६ मध्ये कोळसा खाणीच्या टाकाऊ मालाचा डोंगरावरचा ढीग खालच्या शाळेवर कोसळला, त्याबद्दल अजूनही लोक लिहितात की खूप पाऊस झाला, डोंगरात कुणालाच माहीत नसलेला झरा निघाला, निसर्गापुढे काय करणार. नाही हो, हे खरं नाहीये! झरा माहीत नव्हता हे तेव्हा सरकारी कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स सांगत होते आणि तेच लोकांच्या डोक्यात बसलंय.

तो झरा नकाशावर होता, गावकऱ्यांना तर माहीतच होता. तरी १९५८ पासून खाणीतली टाकाऊ दगडमाती, चिखल नेमका त्यावरच टाकत गेले, तोच हा सात नंबरचा ढीग, आणि खाली पँटग्लास शाळा. १९६३ मध्ये नगरपालिकेने शाळेमागच्या धोक्याबद्दल पत्रंही पाठवली होती.

२१ ऑक्टोबर १९६६, सकाळी सव्वानऊ. खाली दाट धुकं, मुलं नुकतीच वर्गात बसलेली, दुपारनंतर सुट्टी लागणार होती. धुक्यात वरून येणारं काही दिसलंच नाही, फक्त आवाज आला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. खाणकामगार वर येऊन, पोरांच्या वर्गात हातांनी चिखल उपसत होते, हे वाचताना आजही गळा दाटून येतो.

चौकशी ७६ दिवस चालली आणि दोष स्पष्टपणे कोळसा मंडळावर ठेवला. तरी उरलेले ढीग हटवायला लोकांनी गावासाठी दिलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले, ते १९९७ मध्ये परत केले, तेही बिनव्याजी! खाण १९८९ ला बंद झाली. दुर्घटनेनंतर एकत्र येणाऱ्या पुरुषांनी गायनमंडळ उभं केलं, ते अजून गातंय.