डोळ्यांवरची सावली: रेम्ब्रांटच्या छायाप्रकाशाची पार्श्वभूमी

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात रेम्ब्रांट या डच चित्रकाराचे एक आत्मचित्र आहे. लाकडी फळीवरचे, उंचीला जेमतेम वीतभर. १६२८ च्या सुमारास ते रंगवले, तेव्हा तो विशी नुकतीच ओलांडलेला, लायडन या आपल्या गावीच काम करणारा चित्रकार होता. आपल्या डाव्या हाताकडून आलेला प्रकाश त्याची मान, कानाची पाळी आणि गालाची कड उजळून तिथेच थांबतो. व्यक्तिचित्रात ज्यांच्याकडे नजर आधी जाते, ते डोळे मात्र गडद सावलीत आहेत. थोडा वेळ पाहत राहिल्यावरच ते आपल्याकडे रोखलेले आहेत, हे ध्यानात येते. केसांच्या बटांसाठी त्याने ओल्या रंगात कुंचल्याच्या दांड्याने ओरखडे काढले आहेत.

ही सावली त्याच्यापर्यंत बऱ्याच हातांतून आली. चेहरे रंगवावेत ते संध्याकाळच्या किंवा मळभ आलेल्या दिवसाच्या प्रकाशात, कारण तेव्हा त्यांवर मार्दव येते, हे लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत लिहून ठेवले होते. पुढे १६०० च्या आसपास रोममध्ये काराव्हाज्जो या चित्रकाराने ही मृदुता बाजूला सारून काळोखी पार्श्वभूमीवर एका बाजूने प्रखर प्रकाश टाकला. ती रीत टेर ब्रुखेन आणि होंटहोर्स्ट या चित्रकारांनी रोमहून नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला आणली. रेम्ब्रांट स्वतः इटलीला कधीच गेला नाही, पण त्याचे गुरू लास्टमान रोममध्ये राहून आलेले होते.

रेम्ब्रांटच्या उत्तरायुष्यातील चित्रांतली खिन्नता १६५६ मधल्या दिवाळखोरीशी आणि घरातल्या मृत्यूंशी जोडण्याचा प्रघात आहे. मला ते अपुरे वाटते, कारण यांपैकी काहीही घडण्याच्या कितीतरी आधी त्याने स्वतःचे डोळे सावलीत ठेवले होते. डोळ्यांचे आणि ओठांचे कोपरे त्याने धूसर सोडले, की तो चेहरा हसण्याच्या बेतात आहे की थकला आहे, हे पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतले आत्मचित्र १६६९ चे, त्याच्या मृत्यूच्या वर्षातले आहे. क्ष-किरण तपासणीत दिसले, की आधी त्याच्या हातात कुंचला होता आणि डोक्यावरची टोपी अधिक मोठी व पांढरीशुभ्र होती. नंतर त्याने हात नुसतेच एकमेकांत गुंफले आणि टोपी लहान करून तिचा पांढरेपणा उतरवला; सर्वांत उजळ जागा आता कपाळाची आहे.