नंदादेवीचं एकच दार

सह्याद्रीतले गड फिरलेल्या माणसाला नंदादेवी समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. आत बालेकिल्ला, भोवती तट आणि तटाला एकच दरवाजा. फक्त हा बालेकिल्ला ७,८१६ मीटर उंच आहे, तटाचा घेर सुमारे ११० किलोमीटर आहे आणि दरवाजा कोणा राजाने बांधलेला नाही. तो ऋषिगंगेने कापला आहे.

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठाच्या पूर्वेला हा सगळा पसारा. कांचनजंगा भारत आणि नेपाळच्या सीमेवर येतं, त्यामुळे पूर्णपणे भारताच्या हद्दीत असलेलं सर्वांत उंच शिखर म्हणून नंदादेवीचंच नाव घेतलं जातं. तटावर दुनागिरी, चांगबंग, कलंका, मृगथूनी, त्रिशूल अशी एकाहून एक दांडगी शिखरं उभी आहेत. पूर्वेच्या तटावर ७,४३४ मीटरचं नंदादेवी पूर्व आहे. तिथून एक धारदार कणा आत येतो आणि मुख्य शिखराला जाऊन भिडतो, म्हणजे बालेकिल्ला तटाला एका बाजूने जोडलेला आहे. एवढ्या मोठ्या घेरात तट पाच हजार मीटरच्या खाली कुठेच उतरत नाही. अपवाद एकच, पश्चिमेला ऋषिगंगेची घळ.

उत्तर ऋषी आणि दक्षिण ऋषी या दोन हिमनद्यांचं पाणी नंदादेवीच्या पायथ्याशी एकत्र येतं आणि या घळीतून बाहेर पडून रैणी गावाशी धौलीगंगेला मिळतं. आता प्रश्न असा की इतक्या उंच भिंतीतून पाण्याने वाट काढली कशी? नदी डोंगर चढून तर गेली नसेल. हे समजायला घरातली विळी आठवावी. विळीचं पातं जागचं हलत नाही. आपण भाजी त्याच्यावर ढकलतो. हिमालय आजही उंचावतो आहे, दर वर्षी काही मिलिमीटर. भारतीय भूखंड आशियाच्या पोटात घुसत असल्याने खडकाचे थर एकमेकांवर चढतात, त्यातलं एक मोठं भेगक्षेत्र याच भागातून जातं. खालून खडक वर येत राहिला आणि नदी त्याच जागी, त्याच वेगाने कापत राहिली, तर डोंगर उंच होत जातो आणि घळ खोल होत जाते. पातं तेच, भाजी वर सरकते आहे.

म्हणूनच आतलं आणि घळीतलं भूरूप इतकं वेगळं दिसतं. आत हिमनद्यांनी रुंद, पसरट दऱ्या खरवडल्या आहेत, तिथे गवताची कुरणं आहेत. घळीत मात्र दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ आणि खाली पांढरं फेसाळ पाणी. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्यांनी तिची दहापट कल्पना करावी, वर घसारा ओला आहे असंही धरावं. हवामानही दोन तऱ्हांचं. पावसाळी ढग बाहेरच्या तटावर अडतात, त्यामुळे आतला भाग बऱ्यापैकी कोरडा. घळीच्या बाजूला तालीसपत्र, भोजपत्र, बुरांस यांचं रान आहे, ते वर चढताना विरळ होत जातं आणि मग खुरटं जुनिपर आणि गवत तेवढं उरतं. भरल म्हणजे निळी मेंढी, कस्तुरीमृग, थार आणि त्यांच्या मागावर हिमबिबट्या, हे इथले रहिवासी.

नंदा ही गढवाल आणि कुमाऊंची लेक. हिमालयात शिवाच्या घरी नांदायला गेलेली, अधूनमधून माहेरी येणारी. भाद्रपदात तीन दिवसांसाठी येणाऱ्या आणि डोळ्यात पाणी आणून जाणाऱ्या गौरी ज्यांच्या घरी बसतात, त्यांना हे नातं वेगळं सांगायला नको. साधारण बारा वर्षांनी निघणारी नंदादेवी राजजात ही तिला सासरी पोचवायची यात्रा. पुढे चार शिंगांचा मेंढा चालतो आणि शेवटी त्याला डोंगरात सोडून देतात. पण ही यात्रा त्रिशूलच्या पायथ्याच्या बाजूने, म्हणजे तटाच्या बाहेरूनच जाते. लेकीच्या घराच्या उंबऱ्याशी थांबून मागे फिरायचं.

गिर्यारोहकांना मागे फिरायचं नव्हतं. १८८३ मध्ये ग्रॅहम घळीच्या तोंडापर्यंत आला आणि परतला. लाँगस्टाफने १९०५ मध्ये पूर्वेच्या खिंडीतून आत डोकावून पाहिलं. १९०७ मध्ये त्याने त्रिशूल सर केलं. ७,१२० मीटर ही तेव्हा माणसाने गाठलेल्या शिखरांमधली सर्वांत मोठी उंची होती. म्हणजे तटावरचा बुरूज चढून झाला, पण आतलं अंगण अजून कोणाच्या पायाला लागलं नव्हतं. रटलेजनेही १९२० आणि १९३० च्या दशकांत तीनदा डोकं आपटून पाहिलं. मग १९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिल्मन आले. मोठा लवाजमा नाही, पैसे नाहीत, बरोबर आंग थरके, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पा. घळीचा वरचा टप्पा जेमतेम काही किलोमीटरचा, पण त्याला आठवड्याहून जास्त लागला. एक कंगोरा संपला की दुसरा सापडेल का, याची खात्री नसताना ओझी वाहत पुढे सरकायचं. शेवटी सापडला, आणि ते आतल्या कुरणात उतरले.

मोहिमांच्या इतिहासात दोन इंग्रजांची नावं ठळक छापली जातात आणि तीन शेर्पांची बारीक. पाच जण आत गेले होते, एवढं लक्षात ठेवलेलं बरं. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३६ रोजी, टिल्मन आणि नोएल ओडेल मुख्य शिखरावर उभे राहिले. १९५० मध्ये अन्नपूर्णा चढली जाईपर्यंत माणसाने सर केलेलं ते सर्वांत उंच शिखर होतं.

दार एकदा सापडलं की त्यातून कोण कोण येईल हे कोणाच्या हातात राहत नाही.

ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने शिनच्यांग प्रांतातल्या लोप नोर इथे पहिली अणुचाचणी केली. उपग्रहांची हेरगिरी तेव्हा बाल्यावस्थेत होती. अमेरिकेच्या सीआयएला चीनच्या क्षेपणास्त्र चाचण्यांचे रेडिओ संदेश टिपायचे होते आणि त्यासाठी तिबेटच्या पठारापलीकडे कान लावता येईल अशी उंच जागा हवी होती. भारतालाही १९६२ चा घाव ताजा होता. १९६५ मध्ये दोन्ही देशांच्या संयुक्त गुप्त मोहिमेने कॅप्टन मनमोहन सिंग कोहली यांच्या नेतृत्वाखाली नंदादेवीवर उपकरण चढवायला सुरुवात केली. त्या उंचीवर कोण बॅटरी बदलायला जाणार? म्हणून वीज प्लुटोनियमवर चालणार होती. प्लुटोनियम-२३८ विघटित होताना सतत उष्णता देतं. वेगवेगळ्या धातूंच्या जोडाचं एक टोक गरम आणि दुसरं थंड ठेवलं की त्यातून वीज मिळते. हलणारा एकही भाग नाही, इंधन भरायची कटकट नाही. दूरच्या ग्रहांकडे जाणारी यानं याच तत्त्वावर चालतात. शेर्पा म्हणे थंडीत हे यंत्र वाहायला खूश असत, ते उबदार लागायचं. ऐकताना अंगावर काटा येतो.

हवा बिघडली. शिखराच्या खालच्या तळावर उपकरण खडकाला बांधून मंडळी खाली उतरली. पुढच्या वर्षी वर जाऊन पाहतात तर जागा रिकामी, हिमकड्याने सगळं ओढून नेलेलं. ते आजतागायत सापडलेलं नाही. १९७८ मध्ये एका अमेरिकी मासिकाने ही गोष्ट फोडली आणि पंतप्रधान मोरारजी देसाई यांना संसदेत ती मान्य करावी लागली. शास्त्रज्ञांची समिती नेमली गेली. पाण्यात किरणोत्सर्ग आढळला नाही. प्लुटोनियम-२३८ अर्धं व्हायला सुमारे ८८ वर्षं लागतात, म्हणजे १९६५ मधल्या साठ्यातला अर्ध्याहून जास्त भाग आजही तिथेच कुठेतरी बर्फात आहे.

इथे खालच्या गावांकडे वळायला हवं. लाता, रैणी, तोलमा, पेंग या गावांत भोटिया लोक राहतात. त्यांचा पोटाचा धंदा तिबेटशी होता. तिकडून मीठ आणि लोकर, इकडून धान्य. १९६२ च्या युद्धाने तो एका फटक्यात बंद झाला. मग उरलं काय, तर मेंढ्या, जंगल आणि मोहिमांची ओझी वाहणं. २६ मार्च १९७४ रोजी, गावचे पुरुष जमिनीच्या भरपाईसाठी चमोलीला गेलेले असताना, ठेकेदाराची माणसं रैणीच्या जंगलात कुऱ्हाडी घेऊन चढली. गौरादेवींनी गावातल्या २७ बायका-मुली गोळा केल्या आणि झाडांना मिठी मारली. 'हे जंगल आमचं माहेर आहे' ही त्यांची भूमिका. पुढे सरकारी समितीनेही मान्य केलं की या पाणलोटातली तोड घातक ठरेल, आणि तिथे बंदी आली. चिपको आपण पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं, पण रैणी हे ऋषिगंगेच्या तोंडावरचं गाव आहे, नंदादेवीच्या दरवाजावरची चौकीच म्हणा, हे पुस्तकात सहसा येत नाही.

त्याच १९७४ मध्ये आतलं क्षेत्र परदेशी मोहिमांना खुलं झालं आणि गर्दी लोटली. विली अनसोल्ड या अमेरिकी गिर्यारोहकाने तरुणपणी हे शिखर दुरून पाहून आपल्या होणाऱ्या मुलीला त्याचं नाव द्यायचं ठरवलं होतं. ती नंदादेवी अनसोल्ड बापाबरोबर १९७६ मध्ये इथे आली आणि वरच्या तळावर आजारी पडून गेली. वय २२. तिला डोंगराच्याच स्वाधीन करून बाप खाली उतरला.

मोहिमा वाढल्या तसा कचरा वाढला. जुनिपर सरपणासाठी तुटलं, कुरणांमध्ये शेळ्या-मेंढ्यांचे कळप आणि शिकारी घुसले. आठ वर्षांत अंगण उकिरडा व्हायला लागलं. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, क्षेत्र साधारण ६३० चौरस किलोमीटर, आणि लगेच आत जाणं सगळ्यांनाच बंद झालं: गिर्यारोहक, पर्यटक, धनगर. १९८८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं, २००५ मध्ये जवळची व्हॅली ऑफ फ्लॉवर्स त्यात जोडली गेली. १९९३ मध्ये सैन्याच्या मोहिमेने आतून कचऱ्याची पोती बाहेर आणली. बरोबर गेलेल्या शास्त्रज्ञांना झाडोरा सावरताना दिसला. माणूस बाजूला झाला की निसर्ग स्वतःला नीट करतो, याचा हा चांगला दाखला.

चांगला आहे, पण पूर्ण नाही. बंदीने कोणाचं काय गेलं ते पाहा. मोहिमा दुसऱ्या शिखरांकडे गेल्या, त्यांचं काही अडलं नाही. लाता आणि रैणीचं मात्र आधी तिबेट गेलं, मग ओझी गेली, मग चराईही गेली. ज्यांनी झाडं वाचवली त्यांनाच रानाबाहेर ठेवलं. गावकऱ्यांनी १९९८ मध्ये 'झपटो छीनो' म्हणत, म्हणजे झडप घाला आणि हिसकावून घ्या असा पुकारा करत, बंद क्षेत्रात पाऊल टाकलं. हे संवर्धनाच्या विरोधातलं आंदोलन नव्हतं. २००१ मध्ये याच लोकांनी जाहीरनामा काढून सांगितलं की पर्यटन येऊ द्या, पण त्याची मालकी आणि मर्यादा आम्ही ठरवू. त्यानंतर धरांसी, दिब्रुगेटाच्या कुरणांपर्यंत मोजक्या पदयात्रींना परवानगी मिळू लागली. घळीचा वरचा टप्पा आणि आतलं अंगण बंदच आहे. आतलं अंगण बंद राहावं असंच मला वाटतं; पण त्या बंदीचा भार दोन-चार गावांनीच का उचलायचा, याचं समाधानकारक उत्तर मी कुठे वाचलेलं नाही.

आत जाणारी माणसं थांबवता येतात. बाहेर येणारा डोंगर थांबवता येत नाही. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी रोंती शिखराच्या उत्तर अंगावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटरचा तुकडा सुटला. साडेपाचशे मीटर रुंद, सरासरी ऐंशी मीटर जाड. सरळ १,८०० मीटर खाली कोसळून तो रोंतीगाड नाल्यातून ऋषिगंगेत आला. तिथे कोणतंही मोठं हिमसरोवर नव्हतं, थंडीचे दिवस होते, मग पुराचं पाणी आलं कुठून?

हिशोब करून पाहू. तुकड्यात घनफळाने साधारण ८० टक्के खडक आणि २० टक्के बर्फ होतं. खडक जड असल्याने वजनात बर्फाचा वाटा तेराव्या हिश्श्याच्या आसपास. साडेपाच हजार मीटरवरून दोन हजार मीटरपर्यंत घरंगळताना दर किलोमागे सुमारे ३४ किलोज्यूल ऊर्जा सुटते, आणि तिचा मोठा भाग घर्षणाने उष्णता होतो. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. ३४ च्या जागी ३३४, पुरत नाही असं वाटतं. पण तेरा किलो खडक-बर्फ मिळून त्यातल्या एकाच किलो बर्फाला तापवतात. तेरा गुणिले चौतीस करा, आकडा ४४० च्या वर जातो. सगळं बर्फ वितळवून वर उरण्याइतका. खडक एवढा जास्त नसता, तर तो बर्फाचा ढिगारा नाल्यातच थांबला असता. प्रमाण नेमकं जुळलं आणि घळीतून चिखल, दगड आणि पाण्याची भिंत बाहेर आली. ऋषिगंगेवरचा १३.२ मेगावॉटचा प्रकल्प पुसला गेला, तपोवनला ५२० मेगावॉटच्या प्रकल्पाच्या बोगद्यात कामगार अडकले. मृत आणि बेपत्ता मिळून आकडा दोनशेच्या वर गेला.

रैणीत त्या दिवसांत लोक बोलत होते की १९६५ चं ते यंत्र बर्फात तापून फुटलं असणार. उपग्रहांच्या छायाचित्रांत रोंतीच्या अंगावरची भेग आधीच्या वर्षांपासून रुंदावत गेलेली दिसते, त्यामुळे कारण शोधायला यंत्रापर्यंत जावं लागत नाही. तरी गावकऱ्यांना हसण्यासारखं त्यात काही नाही. ज्यांच्या वरच्या अंगाला सरकारने गुपचूप प्लुटोनियम नेऊन हरवलं, त्यांना संशय येणारच.

त्याच वर्षी जूनच्या पावसात रैणीखालची जमीन खचली आणि रस्ता तुटला. रस्ता परत बांधता यावा म्हणून गौरादेवींचा पुतळा तिथून काढून जोशीमठाला न्यावा लागला.