विमान धावपट्टीबाहेर गेलं, तर भरपाई कोणाला, कशी आणि कोणत्या कागदांवर

अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं. बडनेऱ्याला रेल्वेची वाट पाहणारी खेड्यातली माणसंही आता एटीआर या छोट्या, पंख्यांच्या विमानात बसतात. असं विमान उतरताना धावपट्टीचं टोक ओलांडून मातीत गेलं, तर जीव वाचला हेच खूप म्हणत माणूस घरी येतो, आणि भरपाईचा हक्क तिथेच सुटतो. तो सुटू नये म्हणून हे लिहितो आहे.

विमानात, चढताना किंवा उतरताना शारीरिक इजा झालेला प्रवासी दावा करू शकतो. प्रवासी दगावला असेल, तर त्याचे कुटुंबीय. हा हक्क १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्यानं मिळतो. ठरलेल्या मर्यादेपर्यंत वैमानिकाची चूक सिद्ध करत बसावं लागत नाही. नुसत्या धास्तीवर मात्र दावा टिकणं कठीण, म्हणून मार किरकोळ वाटला तरी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्या.

विमानातून बाहेर पडताना पिशवी घ्यायच्या भरीस पडू नका. बोर्डिंग पास तेवढा खिशात ठेवा. तो उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावर छापलेला असतो, आपल्याकडच्या उन्हात आणि घामात अक्षरं उडतात. लगेच मोबाईलवर फोटो काढा, सामानाच्या चिकटपट्टीचाही. तिकीट, आधार, दवाखान्याची बिलं, बुडालेल्या मजुरीचा किंवा पगाराचा दाखला, आणि मृत्यू असल्यास मृत्यू दाखला व वारस प्रमाणपत्र जोडा.

आधी विमान कंपनीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. चेक-इन सामान खराब झालं असेल, तर ते मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. कंपनीनं खर्चासाठी रक्कम दिली तर घ्या, पण ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर घाईनं सही करू नका.

कंपनी दाद देत नसेल, तर मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार चालते. अर्ज ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या संकेतस्थळावर भरता येतो. भरलेली रक्कम, म्हणजे तिकीट, ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

तक्रार करायची मुदत २ वर्षांची. चौकशीच्या अहवालासाठी थांबू नका. कोझिकोडला ऑगस्ट २०२० मध्ये विमान धावपट्टीपुढे जाऊन २१ जण दगावले, त्याचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. म्हणजे निम्म्याहून जास्त मुदत त्यातच गेली असती. शिवाय तो तपास कारण शोधतो, भरपाई ठरवत नाही.

कुंपणापलीकडच्या शेतात चाकं घुसली आणि तूर किंवा कपाशी तुडवली गेली, तर अवशेषांना हात न लावता तलाठ्याला कळवा, पंचनामा करून घ्या आणि त्याच्या प्रतीला सातबारा जोडून ठेवा.